चिलीचं रानगुलाब तेल आणि भुसावळचा मे महिना

ताई, तुमचे प्रश्न आधी इथे मांडते, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमचा शहाद्याचा बचत गट साबण आणि चेहऱ्याला लावायचं तेल बनवतो. रानगुलाबाच्या बियांच्या तेलाचे, म्हणजे बाजारात ज्याला रोझहिप ऑइल म्हणतात त्याचे, तुमच्याकडे तीन भाव आले आहेत: चिलीचं सगळ्यात महाग, तुर्कस्तानचं मधलं, हिमाचलचं स्वस्त. प्रदेशाने आणि हवामानाने तेलात खरोखर फरक पडतो का, की आपण नुसत्या नावाचे पैसे मोजतो? आणि तोरणमाळला थंडी असतेच, तर तिथेच झुडपं लावून बी का पिकवू नये?

फरक पडतो, आणि तो मोजता येतो. पण प्रदेशाची सत्ता बी झाडावर आहे तोवरच. फळ तोडलं की वाळवणाऱ्याची, दाबणाऱ्याची आणि शेवटी साठवणाऱ्याची पाळी येते, आणि साठवणारे आपण खानदेशात बसलोय. चिलीच्या थंडीने जे कमावलं ते आपल्याकडचा एक उन्हाळा सहज घालवून बसतो. म्हणून दोन्ही बाजू सविस्तर सांगते.

माझ्या वडिलांचा चोपड्याला लाकडी घाणा होता. मी स्वतः गेली चोवीस वर्षं जळगावात तेलं तपासते. आधी सरकी, शेंगदाणा, तीळ, सोयाबीन एवढंच यायचं. अलीकडे सौंदर्यप्रसाधनांची तेलंही येतात, आणि त्यांत रानगुलाबाच्या तेलाबद्दल जितके गैरसमज दिसतात तितके दुसऱ्या कुठल्याच तेलाबद्दल दिसत नाहीत.

पहिला गैरसमज वासाचा. याला गुलाबाचा वास नसतो. कन्नौजला गुलाबाच्या पाकळ्यांपासून भट्टीवर काढतात ते अत्तर वेगळं. हे तेल बियांचं आहे. रानगुलाबाची पाकळी गळून गेली की देठाशी बोरासारखं लाल फळ धरतं. त्याच्या आत लव असते आणि लवेत खड्यासारख्या टणक बिया. तेल त्या टणक कवचाच्या आतल्या मगजात असतं आणि बियांच्या वजनाच्या साधारण ६ ते १० टक्केच निघतं. तिळात ५० टक्क्यांच्या आसपास असतं, शेंगदाण्यात ४५च्या वर, सरकीतसुद्धा १५-२० टक्के. त्यामुळे मुळात कितीही स्वस्त मजुरी असली तरी हे तेल स्वस्त होऊ शकत नाही. कोणी शेंगदाणा तेलाच्या भावात देत असेल तर बाटली न उघडताच परत पाठवा.

दुसरी गोष्ट जातीची. ‘रानगुलाब’ ही एक वनस्पती नाही. युरोपात आणि तुर्कस्तानात जिचं बी गोळा करतात ती मुख्यतः रोझा कॅनिना. चिलीत, अर्जेंटिनाच्या पॅटागोनियात आणि आफ्रिकेतल्या लेसोथोत जी आहे ती रोझा रुबिजिनोसा. चिलीत तिला ‘रोझा मोस्केटा’ म्हणतात. हे नाव ऐकून लोक ती आणि रोझा मोस्काटा एकच समजतात. तसं नाही. लाहौल-स्पिती आणि लडाखकडे कोरड्या उतारांवर रोझा वेबियाना वाढते. तिकडच्या भाषेत ‘सिया’ म्हणजे रानगुलाब, सियाचेन हे नाव त्यावरूनच आलेलं. म्हणजे तुमच्याकडे आलेले तीन भाव तीन प्रदेशांचे तर आहेतच, पण बहुधा तीन वेगळ्या जातींचेही आहेत. म्हणून पुरवठादाराला पहिला प्रश्न जातीचा विचारा, देशाचा नंतर.

आता हवामान. हे समजायला चिलीला जायची गरज नाही, आपल्या रब्बीच्या शेतात उभं राहिलं तरी पुरे. बी भरायला लागलं की झाड आधी साध्या स्निग्धाम्लांपासून, म्हणजे तेल ज्यांचं बनतं त्या आम्लांपासून, सुरुवात करतं. त्यातून ओलिक आम्ल बनतं. मग एक एन्झाइम ओलिकचं लिनोलिक करतं आणि दुसरं एन्झाइम लिनोलिकचं लिनोलेनिक करतं. प्रत्येक पायरीला रेणूत एक दुहेरी बंध वाढतो, तेल अधिक पातळ आणि अधिक नाजूक होत जातं. ही दोन्ही एन्झाइमं थंडीत जोमाने काम करतात आणि उष्णतेत मंदावतात. सूर्यफुलात हे अगदी स्पष्ट दिसतं: दाणे भरताना, विशेषतः रात्री, हवा गरम राहिली तर ओलिक वाढतं आणि लिनोलिक घटतं. जवसात थंडी मिळाली तर लिनोलेनिक चढतं. आपल्याकडे उशिरा पेरलेला जवस फेब्रुवारीच्या शेवटी तापत्या हवेत भरतो आणि वेळेवर पेरलेल्यापेक्षा त्याची आयोडीन व्हॅल्यू, म्हणजे तेलात दुहेरी बंध किती याचं माप, खाली आलेली मला दिसते. बियाणं तेच असतं, शेतही शेजारचंच असतं, फरक फक्त पंधरा-वीस दिवसांच्या उन्हाचा.

झाडाच्या बाजूने पाहिलं तर यात शहाणपण आहे. बियातलं तेल ही कोंबाची शिदोरी. थंड मुलखात कोंब फुटायच्या वेळी ती शिदोरी गोठून बसली तर उपयोग काय? म्हणून थंड प्रदेशातल्या बिया पातळ राहणारं तेल साठवतात. आपल्या सातपुड्यातला मोह उष्णतेत वाढतो, त्याच्या बियांचं तेल डिसेंबरात तुपासारखं घट्ट होतं. रानगुलाबाचं तेल फ्रिजमध्ये ठेवलं तरी वाहतं राहतं.

रानगुलाबाच्या तेलात लिनोलिक साधारण ४५ ते ५५ टक्के, लिनोलेनिक २० ते ३० टक्के आणि ओलिक १४ ते २० टक्के सापडतं. या पट्ट्यात तुमचा लॉट कुठे बसतो ते ठरवण्यात जातीचा वाटा आहे, आणि बी भरतानाच्या थंडीचाही. चिलीचं नाव झालं ते बिओबिओ आणि आरौकानिया या दक्षिणेकडच्या भागांमुळे. ३७-३९ अंश दक्षिण अक्षांश, अँडीजच्या पायथ्याचे उतार, उन्हाळा कोरडा आणि लख्ख पण रात्री गार. गंमत म्हणजे हे झुडूप तिथलं नव्हेच. युरोपीय लोकांबरोबर ते तिथे गेलं आणि पडीक जमिनीत, कुंपणांच्या कडेला आपोआप माजलं. लेसोथोचा अक्षांश २९-३० म्हणजे चिलीपेक्षा विषुववृत्ताच्या बराच जवळ. पण त्या देशातली सगळ्यात सखल जागाही समुद्रसपाटीपासून सुमारे १,४०० मीटरवर आहे. अक्षांशाने जी थंडी दिली नाही ती उंचीने दिली. स्पितीत तर दोन्ही आहे, आणि वर पर्जन्यछायेची कोरडी हवा. त्यामुळे ‘हिमाचलचं म्हणजे दुय्यम’ असं मी अजिबात म्हणणार नाही. फक्त तिथली जात वेगळी असेल तर चिलीच्या रिपोर्टवरचे आकडे तिला लावू नका, तिचा स्वतःचा रिपोर्ट मागा.

आणि ‘चिली’ हा शब्द तरी किती मोठा आहे? हा देश उत्तर-दक्षिण ४,००० किलोमीटरहून लांब आहे. वर अटाकामाचं वाळवंट, खाली बर्फ. बाटलीवर ‘चिली’ लिहिणं म्हणजे कांद्याच्या पोत्यावर ‘भारत’ लिहिण्यासारखं. कुठल्या भागातलं, कुठल्या वर्षीच्या हंगामातलं, हे विचारलंच पाहिजे, कारण एकाच टेकडीवरचं बीसुद्धा गरम वर्षी आणि थंड वर्षी सारखं तेल देत नाही. पावसाने दगा दिला तर फळं बारीक राहतात, बिया पोचट होतात आणि तेलाचा उतारा पडतो. आपल्या जिरायत करडईला जे होतं तेच.

क जीवनसत्त्वाचं एक प्रकरण इथेच निकालात काढते, कारण तुमच्या लेबलच्या मसुद्यात मला ते दिसलं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये संत्री येईनाशी झाली तेव्हा शाळकरी मुलांकडून रानगुलाबाची फळं गोळा करवून त्यांचं सिरप केलं गेलं. त्या वेळच्या तपासण्यांत उत्तरेकडच्या फळांत दक्षिणेकडच्यापेक्षा क जीवनसत्त्व जास्त आढळलं. म्हणजे हवामानाचा परिणाम इथेही आहे. पण क जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं, तेलात नाही. ते फळाच्या सालीत राहतं, बियांच्या तेलात उतरत नाही. ‘क जीवनसत्त्वयुक्त’ हे शब्द लेबलवरून काढून टाका. रेटिनोइक आम्लाबद्दलही, म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या एका रूपाबद्दलही, असंच. चिलीत १९८०च्या दशकात या तेलावर जे काम झालं त्यानंतर हे आम्ल खूप गाजलं, पण तेलात त्याचं प्रमाण अतिशय सूक्ष्म असतं. त्या भरवशावर सुरकुत्या जातील असं कोणाला सांगू नका.

रंगाकडे मात्र लक्ष द्या. फक्त बियांचं, थंड दाबलेलं तेल सोनेरी पिवळं असतं. गडद केशरी रंग आला तर बहुधा फळाच्या गरासकट काढलेलं आहे, कारण कॅरोटीन गरात असतं. केशरी म्हणजे अस्सल आणि पिवळं म्हणजे भेसळ, हे खरं नाही, ते दोन वेगळे माल आहेत. हिरवट छटा दिसली तर बी कच्चं तोडलं असण्याची शक्यता धरा. त्यातलं हरितद्रव्य उजेडात तेलाला लवकर खवट करतं.

तोडणी आणि वाळवण यांवर मी सगळ्यात जास्त भर देते, कारण इथे हवामान दुसऱ्यांदा आडवं येतं. फळ लाल आणि घट्ट असताना तोडलं तर गर आणि बी स्वच्छ सुटतं. गोठलेलं दव पडून गेलं की फळ लिबलिबीत होतं, आत आंबायला लागतं, बी ओलं राहतं आणि तेलाची ॲसिड व्हॅल्यू, म्हणजे त्यात सुटं झालेलं आम्ल, वाढते. म्हणजे जी थंडी बी भरताना हवी होती तीच तोडणीला उशीर झाला की नुकसान करते. नंदुरबारच्या मिरचीच्या पथारी तुम्ही रोज बघत असाल. ऐन वाळवणात अवकाळी पाऊस आला की मिरचीचं काय होतं, आणि उन्हात जास्त दिवस राहिली की लाल रंग कसा उडतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. रानगुलाबाचं तसंच आहे. ओल्या शरद ऋतूच्या देशात ते भट्टीच्या गरम हवेत वाळवावं लागतं, आणि भट्टी घाईने तापवली की तेलाचं आयुष्य तिथेच कमी होतं. यात एक व्यापाराची बाजूही आहे. या फळाची वाळलेली साल युरोपात चहासाठी जाते, स्वीडनमध्ये तर तिचं सूप रोजच्या खाण्यात आहे. बी हा बऱ्याचदा त्या धंद्याचा जोडमाल. ज्याला सालीचा रंग टिकवायचा आहे तो मंद आचेवर वाळवतो आणि बीही आपसूक चांगलं राहतं. म्हणून पुरवठादार सालही विकतो का, हे मी नेहमी विचारते.

आता आपल्याकडचं. ओलिक, लिनोलिक आणि लिनोलेनिक हवेतला ऑक्सिजन घेऊन खराब होतात तेव्हा त्यांचा वेग ढोबळमानाने १, १२ आणि २५ अशा पटीत असतो. थंडीने जे लिनोलेनिक वाढवलं तेच सगळ्यात आधी मरतं. जितक्या चांगल्या प्रदेशाचं तेल, तितकं ते नाजूक. तापमान दर १० अंशांनी वाढलं की हा वेग साधारण दुप्पट होतो. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि पत्र्याच्या गोदामात त्याहून जास्त. जे तेल १५ अंशांत वर्षभर टिकलं असतं ते तिथे दीड-दोन महिन्यांत संपतं.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एका ओळखीच्या ग्राहकाचा चिलीचा माल तपासायला आला. सोबतचा रिपोर्ट उत्तम, जात बरोबर, प्रदेश बरोबर. पण वाहतूकदाराने ते कॅन मे महिन्यात दहा दिवस पत्र्याखाली ठेवले होते, तेही अर्धे भरलेले, म्हणजे वरच्या मोकळ्या जागेत हवा भरपूर. ब्युरेट संपत आली तरी रंग उडेना, इतकी पेरॉक्साइड व्हॅल्यू, म्हणजे खवटपणाचं माप, चढलेली. त्या दिवशी आई प्रयोगशाळेत आली होती. तिने झाकण काढून हुंगलं आणि म्हणाली, “याले जवसना वास ई ऱ्हायना.” तिचं नाक बरोबर होतं. लिनोलेनिक जळालं की जुन्या जवसाचा, वार्निशचा वास येतो. त्या ग्राहकाने चिलीच्या थंडीचे पूर्ण पैसे मोजले होते. ते तेल ओतून द्यावं लागलं, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण कॅनना गोणपाट भिजवून गुंडाळलं असतं तरी बराच फरक पडला असता.

म्हणून खानदेशातून खरेदी करणाऱ्याने नकाशाबरोबर कॅलेंडरही बघावं. दक्षिण गोलार्धात ही फळं फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये तोडतात. तेल निघून, विषुववृत्त ओलांडून जहाजाने न्हावा शेवाला येईपर्यंत आपला पावसाळा चालू झालेला असतो. हिमालयात आणि तुर्कस्तानात तोडणी सप्टेंबर ते नोव्हेंबरात होते. हिमाचलचं ताजं तेल डिसेंबर-जानेवारीत मिळतं, नेमकं आपल्याकडे तापीकाठी सगळ्यात गार हवा असते तेव्हा. वाटेत समुद्र नाही, उष्ण कटिबंधातला कंटेनर नाही. तुमच्या गटाला महिन्याला दोन-तीन लिटर लागत असेल तर माझं स्पष्ट मत असं की जात आणि रिपोर्ट नीट असलेलं हिमाचलचं तेल जानेवारीत घ्या, होळीपर्यंतचंच घ्या, आणि उन्हाळ्याचे तीन महिने हे उत्पादन बंद ठेवा. काळी किंवा गडद बाटली, तोंडापर्यंत भरलेली, फ्रिजमध्ये. पेरॉक्साइड व्हॅल्यू १०च्या आत हवी, ५च्या आत असेल तर फारच छान. थोडं ई जीवनसत्त्व मिसळलं तर खवटपणा लांबतो, पण आधीच बिघडलेलं तेल त्याने सुधारत नाही.

भेसळीबद्दल एक सावधगिरी. स्वस्त रिपोर्टमध्ये फक्त आयोडीन व्हॅल्यू असते. रानगुलाबाची ती १७०च्या पुढे जाते, करडईची १४०च्या आसपास असते. म्हणजे निव्वळ करडई मिसळली तर लगेच कळतं. पण करडईत लिनोलिक तीन चतुर्थांश आणि जवसात लिनोलेनिक निम्म्याहून जास्त असल्यामुळे दोन्ही योग्य प्रमाणात मिसळली तर मुख्य तीन आम्लांचे आकडे रानगुलाबाच्या खूप जवळ जातात. फसवणारा इथेच फसवतो. अशा वेळी मी पामिटिक या चौथ्या आम्लाकडे बघते. रानगुलाबात ते साधारण ३-४ टक्के, करडई आणि जवसात त्याहून वरचढ असतं. म्हणून गॅस क्रोमॅटोग्राफीचा, म्हणजे एकेक आम्ल वेगळं करून मोजणाऱ्या तपासणीचा, पूर्ण रिपोर्ट मागा, तीन ओळींचा नको, आणि तो तुमच्याच लॉटचा आहे ना ते लॉट क्रमांकावरून जुळवा.

तोरणमाळचं म्हणाल तर माझं उत्तर ‘नको’ आहे, आणि तुमचा उत्साह समजूनही ठामपणे नको. तोरणमाळ सुमारे १,१५० मीटर उंच आहे, तिथे काही रात्री दवही गोठतं हे खरं. पण रानगुलाबाला काही रात्रींची थंडी पुरत नाही. त्याला महिनोन्महिने सलग गारठा लागतो, तेव्हा कळ्या नीट फुटतात. रोझा कॅनिनाचं बी तर आधी ऊब आणि मग लांब थंडी मिळाल्याशिवाय उगवत नाही, बऱ्याचदा दुसऱ्या वर्षी उगवतं. आपल्याकडचा चार महिन्यांचा ओला पावसाळा पानांवर काळे ठिपके आणेल, आणि फळ धरलंच तर ते ऑक्टोबर हीटमध्ये भरेल. वर सांगितलेलं सगळं आठवा: जे झालंच ते ओलिककडे झुकलेलं असेल आणि त्याला चिलीचा भाव कोणी देणार नाही. आणि समजा रुबिजिनोसा तिथे खरंच रुजली, तर ते आणखी वाईट. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिकेत ती काटेरी तण म्हणून डोकेदुखी झाली आहे. तोरणमाळ ज्या तालुक्यात येतं त्या अक्राणीच्या चराऊ उतारांवर मला ती नको.

सातपुड्यात लावायचंच असेल तर मोह आहे, चारोळी आहे. तुमच्या साबणात तसंही रानगुलाबाचं तेल घालू नका. साबणाच्या कॉस्टिक सोड्यात त्याचं सगळं मोल जातं, साबण मऊ होतो आणि महिन्याभरात त्यावर तांबूस डाग पडतात. साबणाला मोहाच्या बियांचं तेल कितीतरी चांगलं, घट्ट वडी देतं. चेहऱ्याच्या तेलासाठी ताज्या करडईचं घाण्याचं तेल घेऊन बघा. त्यातलं लिनोलिक रानगुलाबापेक्षा जास्त आहे, लिनोलेनिक जवळपास नसल्यामुळे ते आपल्या उन्हाळ्यात त्याच्यापेक्षा जास्त टिकतं, आणि शेतकरी तुमच्या ओळखीचा. फक्त ते करडईच्याच नावाने विका.

हिमाचलच्या पुरवठादाराकडून आधी २५० मिलिलिटरचाच नमुना मागवा. तो माझ्याकडे पाठवणार असाल तर बाटली काठोकाठ भरा, कागदात गुंडाळा आणि शहाद्याहून पहाटेच्या एसटीने द्या, म्हणजे ऊन चढायच्या आत जळगावला पोहोचेल.